पुण्यात हशा, मांडवात शांतता: कोणता प्रेक्षक खरा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटला तितका तो सरळ नाही. म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते तुम्हालाही कळेल आणि वाचणाऱ्या इतरांनाही.

तुमच्या हौशी संस्थेनं एक दोन अंकी कौटुंबिक नाटक बसवलं. पहिला प्रयोग पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. भरपूर हशा, टाळ्या, शेवटी लोक उभे राहिले. दुसरा चिंचवडला झाला. तिथे सासरा सुनेसमोर रडतो त्या प्रसंगात मागच्या रांगांतून हसू आलं. तिसरा बार्शीकडच्या एका गावात, गणपतीच्या मांडवात. दोन तास शुकशुकाट, पडदा पडल्यावर तुरळक टाळ्या. आता संस्थेत दोन तट पडलेत. एक म्हणतो, गावाकडच्या प्रयोगांसाठी नाटक सोपं करू, चार विनोद वाढवू. दुसरा म्हणतो, लोकांना कळलं नाही तर तो आपला दोष नव्हे. दिवाळीनंतर साताऱ्याला प्रयोग लागलाय, त्याआधी काहीतरी ठरवायचंय. आणि तुमचा प्रश्न असा, की यातला कुणाचा प्रतिसाद खरा मानायचा?

माझं म्हणणं असं, की तिन्ही ठिकाणी तुम्ही आवाज मोजलात. पुण्यात आवाज झाला म्हणून पास, गावात झाला नाही म्हणून नापास. पण नाटक बघताना आवाज कधी काढायचा, कसा काढायचा, मुळात काढायचा की नाही, याची सवय प्रत्येक ठिकाणची वेगळी असते, प्रत्येक काळातलीही वेगळी असते. लोक ती सवय घरून घेऊन येतात. ती ओळखता आली नाही तर हशाचा अर्थही चुकतो आणि शांततेचाही.

एक आधीच कबूल करते. मी तुमचं नाटक पाहिलेलं नाही. मांडवात माईक कसे होते, शेजारच्या मंडळाचा स्पीकर चालू होता का, आरती आटोपून प्रयोग किती वाजता सुरू झाला, यातलं काही मला माहीत नाही. कदाचित तिसऱ्या रांगेपलीकडे शब्दच पोचले नसतील. तसं असेल तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी आवाजाची सोय करा. पण तुम्ही लिहिलंय की बायका पोरांना मांडीवर झोपवून शेवटपर्यंत बसल्या होत्या. त्या एका वाक्यावरून मला वाटतं, शब्द पोचले होते.

हे मी ठामपणे का म्हणते ते सांगते. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या एका नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटाकडे एक प्रसंग होता. म्हातारा रात्री उशिरा घरी येतो. मुलगा-सून खोलीत झोपलेत. तो स्वयंपाकघरातला दिवा लावतो, ताट घेतो, पातेल्यावरचं झाकण उचलतो आणि रिकाम्या घराला विचारतो, "आमटी गरम करू, का तशीच खाऊ?" पुण्यात या वाक्याला हमखास मोठा हशा यायचा. नट विनोदी भूमिकांसाठी लोकांच्या ओळखीचा होता, वाक्य टाकायची त्याची ढबही तशी होती. हशा ओसरेपर्यंत तो हातात डाव धरून थांबायचा आणि मग आमटी वाढून घ्यायचा. तो थांबा आम्ही तालमीत पक्का केला होता, आणि त्या हशावर आम्ही सगळे खूश होतो.

मग सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी यात्रेत प्रयोग लागला. शाळेच्या पटांगणात स्टेज, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या. वाक्य आलं. नट थांबला. समोरून काही नाही. डाव हातात, आणि पुढ्यात सातआठशे माणसं गप्प. विंगेतून मला त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. मध्यंतरात तो म्हणाला, "ताई, आज मेलो." मीही तसंच धरून चालले होते. चहाची किटली घेऊन गावातलेच एक काका आत आले होते, त्यांना मी विचारलं, लोकांना कंटाळा येत नाहीये ना? ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "घरात माणसं हायती आन् म्हातारं हातानं वाढून घ्यायलंय. बायका रडायल्यात समद्या." मी म्हटलं, आम्हाला तर काहीच ऐकू आलं नाही. तर म्हणाले, "रडायचा आवाज येतो व्हय, बाई?"

परत आल्यावर आम्ही एकच बदल केला. झाकण उचलल्यावर नटानं पातेल्यात बघत दोन सेकंद जास्त थांबायचं, मग वाक्य म्हणायचं. शब्द तेच. पुढच्या प्रयोगाला पुण्यात हशा आलाच, पण मध्येच तुटला. सुरू झाला, अर्ध्यात आपण कशाला हसतोय हे लोकांच्या लक्षात आलं, आणि अख्खं थिएटर गप्प झालं. त्या नाटकाला मिळालेला सगळ्यात चांगला प्रतिसाद मी तो तुटलेला हशा मानते. आणि तो आम्हाला त्या पटांगणातल्या लोकांमुळे मिळाला. आम्ही इतके दिवस आमचाच प्रसंग नीट वाचला नव्हता.

तेव्हापासून मी प्रयोगाला शेवटच्या रांगेमागे उभी राहते आणि शांतता ऐकते. कंटाळलेली शांतता मुळात शांत नसतेच. खुर्च्या करकरतात, पिशव्या वाजतात, एकाला खोकला आला की चौघांना येतो, आणि हल्ली मांडीवर मोबाइलचे निळे चौकोन उजळतात. गुंतलेली माणसं खोकला धरून ठेवतात. मग ब्लॅकआउट झाला, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार केला, की एकदम आठदहा जण खोकतात, घसा साफ करतात, सरसावून बसतात. प्रसंग चालू असताना खोकला आला तर मला काळजी वाटते, ब्लॅकआउटमध्ये आला तर मी निर्धास्त असते. उघड्यावरच्या प्रयोगाला आणखी एक खूण असते. मांडवाच्या कडेला जी माणसं उभी असतात त्यांच्याकडे बघायचं. त्यांनी तिकीट काढलेलं नसतं, पाय दुखले की ती निघून जातात. ती पाऊण तास हलली नाहीत, तर तुमच्या नाटकानं त्यांना धरून ठेवलंय.

आता सवयींबद्दल. अंधारात, शांत, समोर तोंड करून बसायचं आणि नेमक्या जागी टाळी द्यायची, ही आपल्याला नाटक बघायची स्वाभाविक रीत वाटते. ती काही फार जुनी नाही. शेक्सपिअरच्या काळात लंडनच्या ग्लोबमध्ये प्रयोग दुपारी, उजेडात व्हायचे. एक पेनी देऊन अंगणात उभं राहणारी माणसं आणि रंगमंचावरचे नट यांना एकमेकांचे चेहरे दिसायचे. युरोपात प्रेक्षागृहात अंधार करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात हळूहळू रुजली. संगीतकार वाग्नरनं १८७६ साली जर्मनीत बायरॉइटच्या नाट्यगृहात तो अंधार केला, त्याचा बोलबाला फार झाला. जपानच्या काबुकीत आजही नटानं विशिष्ट पवित्रा घेतला की मागच्या बाजूनं जाणकार प्रेक्षक त्याच्या घराण्याचं नाव मोठ्यानं पुकारतात. तिथे गप्प बसणं हाच रसभंग.

आपल्याकडे तर भरतमुनीनं नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात हा विषय सविस्तर घेतलाय. तालमीच्या दिवसांत मी तो नव्या मुलांना वाचायला लावते. प्रयोगाच्या यशाला तो सिद्धी म्हणतो आणि तिचे दोन प्रकार करतो. मानुषी सिद्धी आवाजातून आणि शरीरातून दिसते: स्मित, अर्धं हसू, मोठं हसू, 'साधु', 'अहो', 'कष्टम्' असे उद्गार, अंगावरचा रोमांच, जागेवरून उठणं, वस्त्र किंवा अंगठी काढून देणं. आणि दैवी सिद्धी कुठली? प्रेक्षागृह भरलेलं आहे, आवाज नाही, गडबड नाही, कसला उत्पात नाही. म्हणजे भरलेल्या घरातली शांतता भरतानं वरच्या पायरीवर ठेवली आहे. तुमच्या मांडवातल्या त्या दोन तासांना त्याच्या हिशोबात कुठे बसवायचं, ते तुम्हीच बघा. त्याच अध्यायात तरुणांना काय रुचतं, वृद्धांना काय, विरक्तांना काय, याचीही यादी आहे. प्रेक्षक एकसारखा नसतो, ही तुमची अडचण दीड-दोन हजार वर्षं जुनी आहे.

मराठी संगीत नाटकाची सवय आणखी निराळी होती. 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यातच रंगभूमीवर आलं आणि त्यातून जो प्रेक्षक घडला तो पद ऐकायला यायचा. 'स्वयंवर' १९१६ चं. बालगंधर्वांच्या पदाला वन्स मोअर पडला की त्यांची रुक्मिणी पुन्हा गायची, कथा तिथेच थांबायची, आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नसे. आजही पुण्यात जुन्या संगीत नाटकाचा प्रयोग असला की एखादे आजोबा मनापासून 'वन्स मोअर' म्हणतात आणि शेजारचा विशीतला मुलगा वळून बघतो, की हे मध्येच का ओरडले. त्या दोन खुर्च्यांमध्ये शंभर वर्षांचं अंतर असतं, आणि मला दोघांचंही बरोबर वाटतं.

तिकडे झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्तानं रात्रभर नाटक चालतं. पाहुणेरावळे जमतात, सोयरिकीची बोलणी होतात, थंडीत घोंगडी-चादरी घेऊन लोक बसतात, आणि गाणं व भरघोस अभिनय हवाच असतो. सिंधुदुर्गात दशावतार बघणाऱ्याला कथा आधीच पाठ असते. तो बघतो आज हा नट संवाद कसा रचतो, कारण तिथे लिखित संहिता नसते. त्याला 'पुढे काय' याची उत्सुकता नसते, 'आज कसं' याची असते. पुण्यात घडवलेलं, शेवटी धक्का देणारं नाटक तिथे न्या, धक्का बसणारच नाही, कारण तो प्रेक्षक धक्क्याची वाट बघायला आलेलाच नाही.

तर मग बार्शीकडच्या तुमच्या गावाची सवय कुठली असेल? माझा अंदाज सांगते, चुकू शकतो. त्या भागातल्या माणसाला समोर बसून ऐकायच्या दोन रीती चांगल्या ठाऊक आहेत. तमाशाला शिट्ट्या पडतात, फेटे उडतात, दौलतजादा होते. कीर्तनात मात्र माणूस गप्प ऐकतो, महाराजांनी गजर म्हणायला सांगितलं की म्हणतो, टाळी वाजवतो ती भजनाच्या ठेक्यावर. कीर्तन संपलं की कुणी टाळ्या वाजवत नाही, पाया पडून घरी जातात. तुमचं नाटक कौटुंबिक आणि गंभीर, मांडवात गणपती बसलेला, शेजारी म्हाताऱ्या सासवा आणि लेकीसुना. अशा वेळी लोकांनी कीर्तनाची रीत उचलली असणार. शेवटी जे चार जण टाळ्या वाजवत होते ते बहुधा मंडळाचे कार्यकर्ते असतील, ज्यांना नाटकाला टाळ्या वाजवतात हे माहीत आहे. प्रयोगानंतर कुणी आत येऊन नुसतंच उभं राहिलं होतं का? कुणी जेवायला थांबवून घेतलं का? त्या गावची टाळी तिथे शोधा.

याउलट पुण्याचा प्रतिसाद. हे थोडं कडू लागेल. तुमचा पहिला प्रयोग भरतला, आणि तुम्हीच लिहिलंय की स्पर्धेतली बरीच मुलं आली होती. मी स्वतः पुरुषोत्तम करंडकातून, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेतून आले. १९६३ पासून चाललेल्या त्या स्पर्धेनं पुण्याला नाटकवाल्यांच्या किती पिढ्या दिल्या हे मी सांगायला नको. पडदा उघडण्याआधी 'अरे आवाज कुणाचा' या आरोळीनं छत हलतं, ती ऊर्जा मला आजही हवीशी वाटते. पण तिथला निम्मा प्रेक्षक स्वतः नाटक करणारा असतो. तो प्रकाशयोजनेला टाळी देतो, रचनेला देतो, अवघड ब्लॅकआउट अचूक जमला तर त्याला देतो. कारागिराची कारागिराला दिलेली ती दाद असते. ती खरीच असते, पण सासऱ्याचं दुःख पोचलं का, हे तिच्यातून कळत नाही. मी तुमच्या जागी असते तर भरतच्या टाळ्या नेमक्या कुठे पडल्या ते आठवून लिहून काढलं असतं.

त्याच रंगमंचावरची एक गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण या प्रश्नासाठी ती पुन्हा बघण्यासारखी आहे. तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात झाला. पुण्यातल्या प्रेक्षकासाठी नाना फडणवीस हे पाठ्यपुस्तकातलं आणि पेठेतलं नाव. नाटकातलं शहर त्याच्या दारातलं. त्यामुळे इथे वाद झाला तो इतिहासाचा आणि जातीचा. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या संस्थेनं नाटक थांबवलं, कलाकार बाहेर पडले, थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि नाटक पुन्हा सुरू झालं. १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेलं. तिथल्या प्रेक्षकाला नाना कोण हे माहीत असण्याचं कारणच नव्हतं. त्याला दिसत होती माणसांची हलती भिंत, संगीत, नृत्य, आणि सत्तेनं एक माणूस वापरून फेकून देणं. संहिता तीच. जवळून बघणाऱ्याला आपला माणूस दिसला, लांबून बघणाऱ्याला यंत्रणा दिसली. यातला कुठला प्रेक्षक चुकला? मला दोघांपैकी एकालाही वजा करता येत नाही.

याहून टोकाचं उदाहरण बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'चं. त्यात दोन माणसं न येणाऱ्या गोदोची नुसती वाट बघत राहतात. १९५६ साली अमेरिकेत मायामीला ते धमाल विनोदी नाटक म्हणून जाहिरात करून लावलं. सुट्टीत मजा करायला आलेले लोक मध्यंतरातच उठून गेले. पुढच्याच वर्षी ते सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात झालं, सुमारे चौदाशे कैद्यांसमोर. सगळ्यांना धास्ती होती, की सुशिक्षितांना न कळलेलं नाटक यांना काय कळणार. कैदी खिळून बसले. वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुमच्यातला जो गट 'सोपं करू' म्हणतोय, त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. आमटीच्या प्रसंगात मी तेच पाहिलं होतं. कळणं आयुष्यातून येतं, आणि तुमच्या नाटकाचा विषय त्या मांडवातल्या बायकांना पुण्याच्या मुलांपेक्षा जास्त कळला असण्याची दाट शक्यता आहे.

काळाचंही असंच. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. नाटकात व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड कर्झनचं नाव कुठेही नाही. महाभारतातली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. पण बघणाऱ्याला कीचकात कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल. हे सगळं लोकांनी आपल्या डोक्यात जुळवलं, आणि सरकारलाही ते इतकं नीट कळलं की १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. आज तोच प्रयोग जसाच्या तसा केला तर ते पौराणिक नाटक म्हणून बघितलं जाईल. संहितेतला एक शब्द बदलला नाही तरी अर्धं नाटक निघून गेलेलं असेल, कारण ते अर्धं प्रेक्षकांमध्ये होतं.

हे मी छोट्या प्रमाणावर स्वतः भोगलंय. नव्वदच्या दशकात बसवलेलं एक नाटक आम्ही काही वर्षांपूर्वी नव्या मुलांना घेऊन पुन्हा केलं. त्यात एक पात्र म्हणतं, "मी वारावर जेवून शिकलो." म्हणजे गरीब विद्यार्थ्यानं आठवड्याच्या एकेका वाराला एकेका घरी जेवायचं. पहिल्या वेळी पुण्यात या वाक्याला सगळं थिएटर हलकं चुकचुकायचं. समोर बसलेल्यांच्या वडिलांनी, आजोबांनी तेच केलेलं असायचं. दुसऱ्या वेळी वाक्य आलं आणि गेलं. तालमीत मी नटाला विचारलं तर त्यालाच अर्थ माहीत नव्हता, त्याला वाटलं शनिवारचा उपास वगैरे काहीतरी असेल. वाक्याखाली स्पष्टीकरण जोडायचं मला मान्य नव्हतं. शेवटी नटानं बोटं मोजायला सुरुवात केली: "सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी देवधरांकडे, बुधवारी..." आणि बुधवारला तो थांबायचा, बोट तसंच धरून. बुधवारचं घर मिळालेलं नव्हतं. त्या बोटावर चुकचुकणं परत आलं, विशीतल्या मुलांकडूनसुद्धा.

'सोपं करणं' आणि 'वाट करून देणं' यातला फरक मला इथे दिसतो. विनोद वाढवणं म्हणजे सोपं करणं, ते करू नका. बोट मोजणं म्हणजे वाट करून देणं, ते प्रत्येक गावाला वेगळं करावं लागलं तरी करा.

वास्तूबद्दल थोडक्यात. हशा सांसर्गिक असतो आणि त्याला शेजारी लागतो. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या हजाराच्या आसपास आसनांच्या नाट्यगृहात अडीचशे माणसं विखुरलेली बसली तर प्रत्येक जण एकटा हसतो आणि लाजून थांबतो. २०२० च्या अखेरीस टाळेबंदीनंतर नाट्यगृहं निम्म्या क्षमतेनं उघडली, एकाआड एक खुर्ची रिकामी, तेव्हा आम्ही सगळ्यांनी हे अनुभवलं. तीच नाटकं, तेच नट, पण हशा जुळून यायचा नाही. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत उलटं होतं. नट दोन हातांवर असतो, त्याच्या तोंडावर हसायला माणूस कचरतो. उघड्या पटांगणात हसलेलं वर आकाशात निघून जातं, रंगमंचापर्यंत येतच नाही. आणि रविवारी दुपारी साडेबाराचा प्रयोग असेल तर पहिली वीस मिनिटं लोक पोटातल्या जेवणाशी झगडत असतात, ती नटांनी मनावर घेऊ नयेत.

आता चिंचवडचं हसू. मला खरी काळजी तिथली वाटते. पुरुष रंगमंचावर रडतो तेव्हा काही लोक अवघडून हसतात, विशेषतः मित्रांच्या घोळक्यात आलेले. असं हसू एका कोपऱ्यातून येतं, तुटक असतं, आणि आजूबाजूचे 'शू' करतात. तसं झालं असेल तर सोडून द्या. पण हसू सगळीकडे पसरलं असेल तर प्रसंगात काहीतरी चुकतंय. मी तीन गोष्टी तपासते. आधीचा प्रसंग विनोदी असेल तर लोक अजून हसायच्याच तयारीत असतात, मध्ये त्यांना श्वास घ्यायला जागा दिली आहे का? नट रडण्याची घाई करतोय का? प्रेक्षकाला रडू यायच्या आधी नट रडला की प्रेक्षक बाहेरून बघायला लागतो. आणि तिसरं, हातात किंवा अंगावर काही विचित्र आहे का? आमच्या एका नाटकात गंभीर प्रसंगात दर वेळी खसखस पिकायची. पुष्कळ डोकं खाजवल्यावर कळलं की नटाच्या पायातली स्लीपर प्रत्येक पावलाला चुकचुकत होती. चप्पल बदलली, प्रसंग सुधारला. तुमचा सासरा रडताना काय करतो, ते पहिल्या रांगेतून नाही, शेवटच्या रांगेतून बघा.

थोडक्यात, संहितेला हात लावू नका, थांब्यांना लावा. पुण्यात जो थांबा हशासाठी ठेवलाय, तो मांडवात नटाला बुडवतो, कारण तो काहीतरी मिळायची वाट बघत उभा राहतो. नटांना सांगा की थांब्यात वाट बघायची नाही, त्या थांब्यात पात्राचं काहीतरी काम चालू ठेवायचं. आमटी ढवळायची, चष्मा पुसायचा. मग हशा आला तरी ठीक, नाही आला तरी नट पोरका होत नाही. आणि दोन्ही तटांना एकदा बसवून विचारा, त्या गावात मध्यंतरात आणि प्रयोगानंतर कोण कोण काय बोललं. मला खात्री आहे, कुणाला तरी काहीतरी आठवेल, जे तेव्हा प्रतिसाद वाटलं नव्हतं.

साताऱ्याच्या प्रयोगाला संस्थेतल्या एकाला काम देऊ नका. त्याला वही देऊन शेवटच्या रांगेमागे उभं करा. प्रत्येक अंक किती मिनिटं चालला, हशा कुठे आला, कुठून आला, पसरला की तुटला, कोण कधी उठलं, एवढं लिहू दे. टाळ्यांबद्दल एक ओळ पुरे. प्रयोग झाल्यावर ती वही घेऊन पुन्हा लिहा. सासऱ्याच्या प्रसंगानंतरच्या ब्लॅकआउटमध्ये किती जण खोकले, ते मला आधी सांगा.